चार बोटं चिकण

"बत्तीस हाऽत... जांभा... कोरडाऽ!"

काशीरामचा आवाज विहिरीच्या तळातून निघे, पण एका दमात काठावर पोचत नसे. खोल विहिरीत आवाज भिंतींवर आपटत राहतो आणि त्याचं नुसतं घुमणं होतं. म्हणून मध्ये दहा हातांवर एक गडी खोबणीत पाय रोवून बसवलेला असे. तो खालचं ऐकून तेच वर म्हणे. त्याच्या वर दहा हातांवर दुसरा. मग काठावर, काढलेल्या दगडांच्या ढिगावर पाटी घेऊन बसलेल्या सात वर्षांच्या उल्काच्या कानी ते येई, तेव्हा त्यात बापाचा आवाज उरलेला नसे, बापाचं म्हणणं तेवढं उरलेलं असे. ती ते पाटीवर लिही. वरची माणसं विचार करत, आणि पुढे काय करायचं ते त्याच वाटेने, टप्प्याटप्प्याने खाली जाई. देवरूखच्या आसपासच्या डोंगरवाड्यांत काशीरामने चाळीसेक विहिरी खणल्या, त्या अशा. माती ओढणाऱ्या बायका दोर खेचता खेचता गात:

विहीर खणू खणू, गेले पाताळाच्या दारी,
पाणी निजलं गं बाई, दगडाच्या शेजघरी.

काशीराम जाऊन आता वीस वर्षं झाली होती. उल्का त्रेपन्न वर्षांची होती, रत्नागिरीच्या एका कॉलेजात गणित शिकवत होती. नवरा मुंबईला, शिमग्याला आणि गणपतीला घरी. गुडघे जिन्यावर बोलू लागलेले. पूर्वी दमणं कामानंतर येई. आता ते सकाळी तिच्याबरोबरच उठे, तिच्याबरोबर चहा घेई आणि तिच्याआधी चप्पल घालून दारात उभं राही.

तिला गणितात आणलं ते आप्पांनी. नाव दत्तात्रेय, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना आप्पाच म्हणत. तेहतीस वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी फळ्यावर एकाखाली एक तीन जाळ्या काढल्या होत्या. सगळ्यात वर दाट, मग विरळ, मग अगदीच विरळ. जमिनीतलं पाणी कुठे किती दाबाने आहे हे काढायचं, तर जमिनीवर अशी जाळी टाकायची. प्रत्येक ठिपक्यावरचं पाणी शेजारच्या ठिपक्यांवर अवलंबून, म्हणजे लाखो समीकरणं एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेली. आधी अंदाजाने आकडे भरायचे, मग प्रत्येक ठिपक्याने शेजाऱ्यांकडे बघून आपला आकडा सुधारायचा. आप्पा म्हणाले, शेजाऱ्या-शेजाऱ्यांतली भांडणं अशी पटकन मिटतात. पण अख्ख्या डोंगरभर पसरलेली चूक असेल तर ती कुणालाच दिसत नाही, कारण शेजारीही तेवढाच चुकलेला असतो. ती चूक खालच्या विरळ जाळीला सांगायची. तिच्याने भागलं नाही तर तिच्याही खालच्या. तिथे ठिपके इतके थोडे की सरळ उत्तर निघतं. मग ती दुरुस्ती टप्प्याटप्प्याने वर आणायची. एक उतरणं आणि एक चढणं, ही एक फेरी.

वर्ग पेंगत होता. उल्का हसली.

आप्पांनी खडू खाली ठेवला आणि हसण्यासारखं काय झालं ते विचारलं. तिने विहिरीचं सांगितलं. आप्पांनी फळ्यावरच्या तीन जाळ्यांकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या वडिलांनी हे माझ्याआधी केलंय. बस खाली." त्या दिवसापासून ती त्यांची झाली.

आप्पांची स्वतःची भर पुढची होती. जमीन एकसारखी असली तर ही पद्धत कुणाचीही धावते. पण शेजारी शेजारी जांभा दगड आणि चिकण माती आली, एकातून पाणी पळतं आणि दुसरीतून हलतही नाही, तर फेऱ्या वाढत जातात, उत्तर स्थिरावतच नाही. आप्पांनी अशी बांधणी शोधली की जमीन कितीही लहरी असो, फेऱ्या तेवढ्याच लागाव्यात. न डगमगणारी पद्धत, असं ते म्हणत. पंचवीस वर्षं त्यावर लिहिलं. बाहेरच्या परिषदांमध्ये लोक टाळ्या वाजवत आणि चहाच्या वेळी म्हणत, छान आहे, पण कागदावरच्या डोंगराचं आहे. आप्पा घरी येऊन तो टोमणा नक्कल करून सांगत आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसत. त्या हसण्याचं टोक उल्काला टोचे.

गेल्या पावसात देवरूखच्या अंगाला एका डोंगरउतारावर, वरच्या कोंडात, दोन घरांच्या मागे जमिनीला भेगा पडल्या. कोंड म्हणजे एकतीस घरं, एक देवीचं देऊळ आणि खाली ओढा. सरकारी कचेरीला ठरवायचं होतं, की या माणसांनी पुढच्या आषाढात तिथेच राहावं का त्यांना त्याआधी खाली शाळेजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवावं. हलणं सोपं नव्हतं. गुरं होती, भाताचे तरवे होते, आणि पत्र्याखाली चार महिने काढणं काय असतं ते ज्याने काढले त्यालाच विचारावं. डोंगर पावसात धरेल का, याचं गणित उल्काकडे आलं. आप्पा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे, दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. बातमी ऐकून त्यांनी अंगणातल्या खुर्चीवरून उठून दोन येरझाऱ्या घातल्या, काठी न घेता.

कोंडात सहा ठिकाणी जमिनीला भोकं पाडून खालचे थर काढले. पाचांत, अकरा ते चौदा मीटरवर, एकच नोंद होती: पांढरी चिकण, चार बोटं. वर जांभा, खाली जांभा, मध्ये हा थर उताराला धरून तिरका गेलेला. जांभ्यातून जे पाणी एका दिवसात उतरतं त्याला या चिकणीतून उतरायला सत्तावीस वर्षं लागतील.

उल्काने सव्वीस लाख ठिपक्यांची जाळी विणली आणि गणित लावलं. पन्नास फेऱ्या झाल्या, चूक उतरेना. दोनशे झाल्या. नऊशे झाल्या. चूक थोडी उतरे आणि पुन्हा तिथेच येऊन बसे, दावणीला फिरून येणाऱ्या म्हशीसारखी. कारण तिला तिसऱ्या दिवशी कळलं. तो तिरका, चार बोटांचा थर खालच्या विरळ जाळ्यांना दिसतच नव्हता. त्यांच्या लेखी डोंगर अखंड जांभ्याचा होता. म्हणून त्या वर पाठवत ती दुरुस्ती दुसऱ्याच डोंगराची असे. आप्पांच्या सिद्धतेतच याची फट होती. थर जाळीच्या रेषेला धरून असावेत, असं सुरुवातीलाच गृहीत धरलं होतं, एका ओळीत. कागदावरचे थर तसे असतात.

नव्याने सगळी बांधणी करायची तर वर्ष गेलं असतं. कचेरीची तारीख बारा दिवसांवर होती. कॉलेजात परीक्षा लागल्या होत्या, पेपरांचे गठ्ठे जेवणाच्या टेबलावर होते, आणि आप्पा रोज संध्याकाळी फोन करून विचारत, किती फेऱ्या लागल्या. आप्पांच्याच जुन्या वहीत एक नियम होता: जाळीच्या घराच्या पावपट भागापेक्षा जे बारीक, ते सरासरीत जाऊ द्यावं. उल्काने तो नियम लावला. चिकण जांभ्यात मिसळली. किंचित मंद जांभा झाला. गणित बावीस फेऱ्यांत सुटलं.

सरासरीने चिकणीच्या बाजूबाजूने वाहणारं पाणी बरोबर येतं, वरून खाली पडणारं येत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. विहीर खणणाऱ्याच्या मुलीला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी ती इतकी दमली होती, की ठाऊक असणं आणि आठवणं यांच्यातलं अंतर तिच्याने चालवलं नाही. कचेरीला पाठवलेल्या अहवालात लिहिलं: उताराचा धीर एक पूर्णांक एक्केचाळीस. एकाच्या वर म्हणजे डोंगर धरतो.

त्यानंतर चार दिवस तिला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी तिने डोंगराची एकच उभी चकती कापून घेतली, कोंडातल्या सोनूबाईच्या घराखालची, आणि त्यात चिकण जशीच्या तशी ठेवली. खालच्या विरळ जाळ्याबिळ्या काही नाहीत, जुन्या सरळ रीतीने सोडवायला लावलं. मशीन तीन दिवस घरघरत राहिलं. तिसऱ्या दिवशी आकडा आला. सलग तीन दिवस मोठा पाऊस झाला की पाणी चिकणीवर साचतं, वरचा जांभा उचलून धरतं, आणि धीर होतो शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

तिने कॉम्प्युटरचा पडदा बंद केला आणि राहिलेले पेपर तपासले.

एका संध्याकाळी ती सांगायचंच ठरवून आप्पांकडे गेली. आप्पांनी अहवाल वाचून दाखवायला सांगितला. ती वाचू लागली. फेऱ्यांचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"पुन्हा वाच."

"बावीस फेऱ्यांत उत्तर स्थिरावलं."

"सव्वीस लाख ठिपके, आणि बावीस." ते खुर्चीत मागे टेकले. "उल्के, मी मेल्यावर रडायचं नाही हां कुणी. बावीस म्हणायचं आणि पोचवायचं."

तिने अहवाल मिटला. आप्पांच्या सुनेने आणलेलं कोकम सरबत प्यायली आणि घरी आली. असा महिना गेला. रोज सकाळी ती ठरवी, आज. आणि दिवसाची शिडी उतरता उतरता ते ठरवणं कुठल्या तरी पायरीवर बसून राही.

वैशाखात कचेरीने कोंडात सभा लावली. अहवाल सांगायचा, आणि माणसांनी राहायचं का हलायचं ते तिथेच ठरायचं. आप्पा म्हणाले, मी येणार. सून नको म्हणाली, डॉक्टर नको म्हणाले, आप्पांनी दोघांनाही होकार दिला आणि सकाळी सातला धोतर नेसून फाटकात उभे राहिले.

गाडीत ते सारखे बोलत होते. आता बाहेर काय आहे, ते विचारत. उल्का सांगे, कलमांची बाग, आंबे उतरवताहेत. आता? आता कातळ, सगळा जळलेला. हातखंब्याचा फाटा सोडल्यावर तिने मनाशी वाक्य जुळवलं. आप्पा, त्या बाविसाबद्दल बोलायचं आहे. वाक्य ओठांपर्यंत आलं, तेवढ्यात आप्पाच बोलले.

"मी जन्मभर कागदावरचे डोंगर चढलो गो. आज खऱ्यावर जातोय. दिसायचा नाही, पण पायाला कळेल ना?"

"कळेल," ती म्हणाली, आणि खिडकीची काच खाली केली. गरम वारा आत आला. आप्पांना वाटलं तिला गाडी लागते आहे. त्यांनी खिशातून आवळासुपारी काढून दिली.

सभा देवीच्या सहाणेवर होती. शिमग्यात पालखी जिथे बसते तो हा दगडी चौथरा, वर फणसाची सावली. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मुलं सगळीकडे. कचेरीतले साहेब आले होते, त्यांनी अहवालाच्या प्रती वाटल्या. रावजी कोंडाचे गावकर, म्हणजे मानाचे प्रमुख, सत्तरीचे, डोक्याला रुमाल. त्यांनी आप्पांना हाताला धरून वर घेतलं आणि एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. आप्पांनी चप्पल काढून तळवे दगडावर टेकवले. ते हसत होते.

साहेबांनी वाचलं. धीर एक पूर्णांक एक्केचाळीस, म्हणजे हलायची गरज नाही, फक्त भेगा बुजवा. माणसांमध्ये जी हालचाल झाली ती उसासा होती का काय, ते सांगता येत नाही. मान खाली घालून बसलेल्या माणसांनी माना वर केल्या, एवढं खरं. एका बाईने दुसरीच्या पाठीवर हात ठेवला. कुणीतरी मागून म्हणालं, पत्र्याची शेड आता साहेबांच्या म्हशीला द्या. हशा झाला. साहेबही हसले.

सोनूबाई उठून उल्काजवळ आली. भोकं पाडायच्या दिवसांत रोज दुपारी हिच्याच पडवीत उल्का जेवली होती. ती उल्काच्या कानाशी वाकली, पण कोंडातली कुजबुज ओढ्यापलीकडे ऐकू जाते.

"बाय, देवी तुझं बरं करो. आता लेकीला हितंच आणते बाळंतपणाला. श्रावणात दिस भरतात शमिकेचे. ती नाय म्हणत व्हती, म्हनं डोंगराचं काय. आता तिला तुझं नाव सांगते."

आणि तिने आपली खरखरीत बोटं उल्काच्या गालावरून उतरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली.

साहेब कागद गोळा करू लागले. रावजींनी त्यांना हात जोडले. "कागदाचं झालं, साहेब. पन हितं सहाणेवर कागदाचा शबूद चालत न्हाय. ज्यानं काम केलान, त्यानं तोंडानं सांगायचं. मग आमी ठरवायचं. ही रीतच हाय आमची."

साहेबांनी घड्याळ बघितलं. सांगा, म्हणाले.

रावजी देवळाकडे तोंड करून उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालू लागले. बा देवी, बारा वाटांच्या मालकिणी, ही माहेरवाशीण या डोंगराचं पोट तपासून आली आहे, हिच्या तोंडाला खरं दे, आणि आमच्या कानाला ते सोसायचं बळ दे.

"व्हय म्हाराजा," सगळा कोंड एका आवाजात म्हणाला. त्यांच्याबरोबर, जरा उशिराने, आप्पाही म्हणाले.

उल्का उभी राहिली. गुडघ्याने कळ दिली. समोर एकतीस घरांची माणसं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तिने स्वतःच वाटलेला निवांतपणा. आप्पांनी हलकेच तिच्या पदराला हात लावला. "फेऱ्यांचा आकडा सांग हां," ते पुटपुटले. "नाय कळला तरी सांग."

तिने सोनूबाईकडे बघितलं. सोनूबाई मांडी घालून, मूल गोष्ट ऐकायला बसतं तशी बसली होती.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच उल्काला वाटलं, की दमणं संपायचं असेल तर ते झोपेने संपणार नाही.

"मी लिहून दिलंय ते खरं नाही," ती म्हणाली.

साहेबांचा हात कागदांवर थांबला.

"तुमच्या घरांखाली पांढऱ्या चिकणीचा थर आहे. चार बोटांचा. तो धरला तर माझं गणित सुटत नव्हतं, म्हणून मी तो पुसला आणि सोडवलं. मग एकट्या सोनूबाईंच्या घराखालचं, थर धरून पुन्हा केलं. तीन दिवस मोठा पाऊस लागला तर हा डोंगर धरत नाही. आज महिना झाला, मला हे ठाऊक आहे. आषाढाआधी कोंड खाली करा. सोनूबाय, शमिकेला इथे आणू नका."

सोनूबाईने हळूच डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पहिले हलले ते रावजी. त्यांनी रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि बाया कुठे, गुरं कुठे, आधी कुणाचं घर हलवायचं, असं शेजारच्यांना खालच्या आवाजात विचारायला लागले. साहेब उल्काकडे येऊ लागले होते, पण खुर्चीतल्या म्हाताऱ्याने काठी आडवी धरली.

आप्पांनी तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. नजर चुकून जरा बाजूला, फणसाच्या बुंध्यावर लागली.

"उल्के," ते म्हणाले, "मग आपली पद्धत?"

तिला खोटं बोलायला एक श्वास मिळाला होता. तो तिने जाऊ दिला.

"ती या डोंगरावर चालली नाही, आप्पा. मी ती चालल्यासारखी दाखवली."